झोप येणे, लागणे आणि पुरी होणे : निद्रा-जागृती व मेंदूतील कॅनॅबिनॉइड व्यवस्था

झोप ह्या नामाबरोबर मराठीत जी क्रियापदे येतात, त्यांचा नीट विचार केला तर निद्राशास्त्रातील निरनिराळे प्रश्न त्यांतून आपोआप वेगळे होतात. झोप 'येते', ती 'लागते', कधी मध्येच 'मोडते', आणि सर्व काही यथास्थित घडले तर ती 'होते', म्हणजे पुरी होते. ही क्रियापदे परस्परांचे पर्याय नव्हेत. झोप येत असूनही न लागणे, लागलेली झोप वारंवार मोडणे, आणि रात्रभर न मोडताही सकाळी झोप झाल्यासारखे न वाटणे, ह्या तीन तक्रारी निराळ्या आहेत. उलटपक्षी भांग किंवा गांजा ह्यांच्या सेवनाने जी अवस्था येते तिला मराठी भाषक सहसा झोप म्हणत नाहीत. तिच्यासाठी गुंगी, नशा, कैफ, तार असे स्वतंत्र शब्द आहेत. नशा 'चढते' आणि 'उतरते'. गुंगी 'येते' आणि 'उतरते'. परंतु गुंगी पुरी झाली असे कोणी म्हणत नाही.

गांजातील मादक द्रव्यासारखेच कार्य करणारी द्रव्ये मनुष्याच्या मेंदूत स्वाभाविकपणेच तयार होतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सिद्ध झाले. त्यामुळे एक प्रश्न साहजिकच उभा राहिला. ही द्रव्ये म्हणजे मेंदूने स्वतःसाठी निर्माण केलेले झोपेचे औषध आहे काय? आणि तसे असेल, तर तेच कार्य करणारी वनस्पती झोपेसाठी घेण्यास हरकत कोणती? प्रस्तुत लेखात ह्या अंतर्गत व्यवस्थेचा परिचय करून देऊन, झोप येणे, लागणे, टिकणे व पुरी होणे ह्या चार घटनांपैकी कोणत्या घटनेत तिचा वाटा आहे, ह्याचा विचार केला आहे.

१. वऱ्हाडातील जागरण

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. अमरावती-अकोल्याच्या परिसरात रात्री जागणे हा अनेकांच्या उपजीविकेचाच भाग आहे. पीक हाताशी आले की रानडुकरे व रोही ह्यांच्यापासून ते राखण्यासाठी शेतकरी रात्री शेतात जागलीला जातो. गावाची रात्रीची राखण करणाऱ्यास जुन्या व्यवहारात 'जागल्या' ही संज्ञा होती. कृषिपंपांची वीज अनेक ठिकाणी रात्रीच्या पाळीत मिळत आल्यामुळे हरभऱ्याचे व गव्हाचे ओलीतही रात्री करावे लागते. वैशाखात अकोल्याचे तापमान देशातील उच्चतम तापमानांत गणले जाते आणि रात्रही उशिरापर्यंत निवत नाही. शहरातील विद्यार्थी परीक्षेच्या काळात स्वेच्छेने जागरण करतात. अशा समाजात झोप आणून देणाऱ्या कोणत्याही पदार्थाविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे.

त्यात भांग हा पदार्थ परका नाही. महाशिवरात्रीला व होळीला भांगेची प्रथा आहे. आयुर्वेदीय औषधांच्या परवान्याखाली 'विजया' ह्या नावाने भांगेच्या पानांच्या अर्काची औषधेही आज विकली जातात आणि झोप हा त्यांच्या जाहिरातींतील एक नेहमीचा विषय असतो. म्हणून झोप व गुंगी ह्यांतील भेद शास्त्राच्या आधाराने तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२. वनस्पती व तिची नावे

भांग, गांजा व चरस ही एकाच वनस्पतीची तीन उत्पादने होत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस. 'भंग' हा शब्द अथर्ववेदात वनस्पतीचे नाव म्हणून येतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तीळ, उडीद इत्यादींच्या शेतांना लावावयाच्या प्रत्ययांचे जे सूत्र आहे, त्यात भंगेचीही गणना आहे. अर्थात वैयाकरणाच्या दृष्टीने ते शेतात पेरले जाणारे एक पीक होते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मातुलानी, मादिनी, विजया, जया अशी तिची नावे आढळतात. शास्त्रीय नावातील 'कॅनॅबिस' हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला. इंग्रजीतील 'हेंप' हा शब्दही त्याच मूळ शब्दाचे जर्मानिक रूप असून, 'क'चा 'ह' व 'ब'चा 'प' हे त्यातील परिवर्तन ग्रिमच्या नियमाचे पाठ्यपुस्तकांतील परिचित उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकात ह्या वनस्पतीच्या परिणामांची सरकारी पातळीवर विस्तृत चौकशी झाली. इ. स. १८९३ मध्ये नेमलेल्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून १८९४ मध्ये अहवाल दिला. वऱ्हाडातील साक्षीदारांच्या जबान्या त्याच्या सातव्या खंडात मुंबई, सिंध इत्यादी प्रांतांच्या जबान्यांबरोबर छापल्या आहेत. वऱ्हाडाच्या उत्तर सीमेलगत, निमाड जिल्ह्यात खांडव्याजवळ, त्या काळी गांजाची परवान्याने लागवड होत असे. कमिशनने माफक सेवन व अतिसेवन ह्यांत भेद केला आणि माफक सेवनाचे दुष्परिणाम नगण्य मानले. तथापि साक्षीदारांचा अनुभव हेच त्याचे साधन होते. झोपलेल्या माणसाच्या मेंदूत काय घडते हे पाहण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते. पुढे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस ह्यांवर बंदी आली. केवळ पाने त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली व त्यांचे नियमन राज्यांकडे राहिले.

३. निद्रेची दोन रूपे

झोप म्हणजे जागृतीचा नुसता अभाव, अशी कल्पना दीर्घकाळ रूढ होती. भारतीय विचारात मात्र ह्या बाबतीत सूक्ष्म भेद केलेले दिसतात. मांडूक्य उपनिषदाने जागृती व तुरीय ह्यांच्या दरम्यान स्वप्न आणि सुषुप्ती ह्या दोन वेगळ्या अवस्था मानल्या. पातंजल योगसूत्रांत निद्रेची गणना चित्ताच्या वृत्तींत केली आहे; म्हणजे ती वृत्तींचा अभाव नव्हे. चरकसंहितेने सूत्रस्थानात निद्रेचे सहा प्रकार सांगितले असून, रात्रीच्या स्वभावामुळे येणारी निद्रा, श्रमामुळे येणारी निद्रा आणि व्याधीमागून येणारी निद्रा ह्यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. हे भेद अनुभवाच्या निरीक्षणावर उभे आहेत. आधुनिक शास्त्राशी त्यांची तंतोतंत जुळणी करणे योग्य होणार नाही. परंतु सर्व झोप एकजिनसी नाही, एवढे त्यांतून निश्चित सूचित होते.

इ. स. १९५३ मध्ये शिकागो येथे यूजीन असेरिन्स्की व नथानियल क्लाइटमन ह्यांनी झोपेच्या ठराविक टप्प्यांत बंद पापण्यांखाली डोळ्यांची जलद हालचाल होते, असे दाखविले. त्या टप्प्यात जागे केलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो. ह्या अवस्थेस येथे 'नेत्रचलन-निद्रा' म्हटले आहे. उरलेल्या झोपेस 'शांत निद्रा' म्हणता येईल. तिच्या सर्वांत गाढ भागात मेंदूच्या विद्युत्‌तरंगांची गती मंद व उंची मोठी असते, म्हणून त्या भागास 'मंदतरंग निद्रा' म्हणतात. प्रौढ माणसाच्या रात्रीत सुमारे दीड तासाची अशी आवर्तने चार-पाच वेळा होतात. रात्रीच्या पूर्वार्धात मंदतरंग निद्रा अधिक असते, उत्तरार्धात नेत्रचलन-निद्रा. पहाटेच्या साखरझोपेत स्वप्ने अधिक पडतात, ह्याचे कारण हेच.

झोप केव्हा येते हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. १९८२ मध्ये आलेक्झांडर बोर्बेली ह्यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार, जागृतीचा काळ जसजसा लांबतो तसतसा निद्रेचा दाब वाढत जातो. मेंदूत साचणारे अडेनोसिन हे द्रव्य ह्या दाबाचा एक महत्त्वाचा वाहक आहे. चहा-कॉफीतील कॅफीन अडेनोसिनची जागा अडवते, म्हणून चहाने झोप लांबते. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतील दैनिक घड्याळ, जे प्रकाश-अंधाराशी जुळवून घेत रात्री झोपेस अनुकूलता आणते. मराठीतील 'झोप येते' हा प्रयोग ह्या दोहोंच्या संयुक्त परिणामाचे वर्णन होय. त्या वाक्यात झोपणारा कर्ता नसतो. 'मला झोप आली', 'त्याला झोप लागली' असे आपण म्हणतो. म्हणजे झोप ज्याच्या वाट्यास येते तो चतुर्थीत राहतो.

४. मेंदूतील अंतर्जात द्रव्ये

गांजातील मुख्य मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल, संक्षेपाने टीएचसी, ह्याची रासायनिक रचना १९६४ मध्ये इस्राएलमध्ये येहिएल गाओनी व राफाएल मेशूलाम ह्यांनी निश्चित केली. एखादे द्रव्य अत्यल्प मात्रेत मेंदूवर ठराविक परिणाम करते, तेव्हा ते बसण्यासाठी मेंदूत विवक्षित जागा असावी असे अनुमान निघते. अशा जागेस 'ग्राही' म्हणतात. १९८८ मध्ये विल्यम डेव्हेन, ॲलिन हाउलेट व त्यांचे सहकारी ह्यांनी उंदराच्या मेंदूत ती जागा दाखविली. १९९० मध्ये लिसा मात्सुदा व सहकाऱ्यांनी तिच्या जनुकाची ओळख पटविली. हा ग्राही सीबी-१ ह्या नावाने ओळखला जातो. मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींत आढळणारा सीबी-२ हा दुसरा ग्राही १९९३ मध्ये वर्णिला गेला.

एका परक्या वनस्पतीच्या द्रव्यासाठी मेंदू ग्राही बाळगील हे संभवत नाही. त्या जागेवर बसणारे मेंदूचे स्वतःचे द्रव्य असलेच पाहिजे, ह्या तर्काने शोध सुरू झाला आणि १९९२ मध्ये डेव्हेन, मेशूलाम व सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून असे एक मेदजन्य द्रव्य वेगळे केले. संस्कृत 'आनंद' ह्या शब्दास रसायनशास्त्रातील 'अमाइड' ही संज्ञा जोडून त्याचे नाव आनंदामाइड ठेवण्यात आले. १९९५ मध्ये २-अराकिडोनिलग्लिसेरॉल, संक्षेपाने २-एजी, हे दुसरे द्रव्य सापडले. ह्या द्रव्यांना अंतर्जात कॅनॅबिनॉइडे म्हणतात. ती द्रव्ये, त्यांचे ग्राही आणि ती तयार करणारी व नष्ट करणारी एंझाइमे, ह्या सर्वांची मिळून कॅनॅबिनॉइड व्यवस्था होते.

नावाविषयी एक इशारा आवश्यक आहे. मांडूक्य उपनिषदात सुषुप्तीचा संबंध आनंदाशी जोडलेला आहे. त्यावरून आनंदामाइडच्या नावात निद्रेची काही पूर्वसूचना आहे, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु नामकरण हे पुरावा नसते. नाव देणाऱ्यांसमोर वनस्पतीचा आनंददायी परिणाम होता, निद्रेचा प्रश्न नव्हता. निद्रेशी ह्या द्रव्याचा संबंध पुढे प्रयोगांनीच ठरावयाचा होता.

५. उलट दिशेचा संदेश

ही व्यवस्था कसे कार्य करते हे समजण्यासाठी दोन चेतापेशींमधील व्यवहार पाहावा लागतो. दोन पेशी जेथे एकमेकींस भिडतात त्या जागेस चेतासंधी म्हणू. पहिली पेशी तेथे रासायनिक संदेश सोडते, दुसरी तो ग्रहण करते. बहुतेक संदेश ह्याच दिशेने जातात. अंतर्जात कॅनॅबिनॉइडांचे वैशिष्ट्य असे की, ती ग्रहण करणाऱ्या पेशीत तयार होतात आणि उलट दिशेने जाऊन संदेश सोडणाऱ्या पेशीवरील सीबी-१ ग्राहींवर बसतात. परिणामी ती पेशी पुढचा संदेश कमी प्रमाणात सोडते. हे कार्य २००१ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखविले.

भाषाव्यवहारातील एक परिचित गोष्ट येथे उपमेसाठी घेता येईल. दोन माणसांच्या संभाषणात बोलणारा एक असला, तरी ऐकणारा अगदी निष्क्रिय नसतो. 'हं', 'बरं', 'पुरे', 'हळू' अशा लहान उद्गारांनी तो बोलणाऱ्याचा वेग व विस्तार सतत आवरीत असतो. चेतासंधीत कॅनॅबिनॉइडांचे कार्य बरेचसे असेच आहे. ह्या उपमेतील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, असा उद्गार साठवून ठेवलेला नसतो, प्रसंगी निर्माण होतो. कॅनॅबिनॉइडेही पेशीच्या आवरणातील मेदांपासून गरजेप्रमाणे तयार होतात. दुसरी, तो क्षणभरच टिकतो. आनंदामाइड व २-एजी ह्यांना एंझाइमे अल्पावधीत नष्ट करतात. तिसरी, तो नेमक्या त्या संभाषणापुरता असतो. शेजारच्या ओसरीवरील संभाषणावर त्याचा परिणाम होत नाही.

चौथी गोष्ट उपमेच्या बाहेरची आहे. ज्या पेशीचा आवाज कमी केला जातो ती उत्तेजक असू शकते किंवा शामकही असू शकते. उत्तेजकास आवरले तर मेंदूचा तो भाग शांत होतो. शामकास आवरले तर तोच भाग अधिक सक्रिय होतो. म्हणून एकच द्रव्य एका ठिकाणी झोपेस व दुसऱ्या ठिकाणी जागृतीस अनुकूल ठरू शकते. मेंदूचे कवच, स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकँपस, हालचालींचे नियमन करणारी केंद्रे, अनुमस्तिष्क अशा अनेक ठिकाणी सीबी-१ विपुल आहे. मस्तिष्कस्तंभातील श्वसनकेंद्रांत मात्र तो तुरळक आहे. अफूच्या अतिमात्रेने श्वास बंद पडून मृत्यू येतो तसा गांजाने सहसा येत नाही, ह्यामागील एक कारण हेच होय.

६. झोप टिकणे

निद्रेच्या संदर्भात ह्या व्यवस्थेवरील प्रयोग प्रथम उंदरांवर झाले. १९९६ मध्ये सीबी-१ ग्राही अडविणारे द्रव्य दिल्यावर उंदरांचा जागेपणा वाढला असे आढळले. १९९८ मध्ये मेक्सिकोतील एरिक मुरिल्यो-रोड्रिगेस व सहकाऱ्यांनी मेंदूत आनंदामाइड सोडले असता उंदरांची निद्रा वाढल्याचे दाखविले. त्याच गटास पुढे, आनंदामाइडमुळे मेंदूच्या तळच्या अग्रभागात अडेनोसिनचे प्रमाणही वाढते असे दिसले. आनंदामाइड नष्ट करणारे एंझाइम ज्यांत जन्मतःच नाही अशा उंदरांत मंदतरंग निद्रा अधिक असते. एवढ्यावरून हे द्रव्य निद्राजनकच आहे, असा निष्कर्ष कोणीही काढील.

परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅथ्यू पावा, अलेक्झांड्रोस माक्रियान्निस व डेव्हिड लोव्हिंजर ह्यांच्या अभ्यासाने प्रश्न अधिक नेमका केला. त्यांनी उंदरांत सीबी-१ अडविला, तेव्हा शांत निद्रेचे लहान लहान तुकडे झाले; म्हणजे झोप लागत होती, पण मोडत होती. ह्याउलट, जागरणानंतर गमावलेली झोप भरून काढण्याची प्रवृत्ती सीबी-१ अडविल्यावरही कायम राहिली. म्हणजे निद्रेचा दाब साठविण्याचे व फेडण्याचे काम ह्या व्यवस्थेवर अवलंबून नाही. लागलेली झोप अखंड ठेवण्याचे काम मात्र तिच्याकडे आहे. ग्राहीस बाहेरून थेट उत्तेजित करणारे द्रव्य दिल्यावर प्रथम शांत निद्रा वाढली, पण नंतरच्या तासांत जागेपणा वाढला, ही गोष्टही त्यांनी नोंदविली.

मराठी क्रियापदांच्या भाषेत हा निष्कर्ष असा मांडता येईल. झोप 'येणे' हे मुख्यतः अडेनोसिनच्या दाबावर व दैनिक घड्याळावर सोपविलेले आहे. कॅनॅबिनॉइड व्यवस्थेचे विशेष कार्य, आजवरच्या पुराव्यानुसार, झोप 'न मोडणे' हे आहे. हा पुरावा बव्हंशी उंदरांवरील आहे, ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. तरीही मनुष्यांतील एक अनुभव त्यास पूरक आहे. सीबी-१ अडविणारे रिमोनाबँट हे औषध २००६ मध्ये युरोपात स्थूलतेवर मान्य झाले होते. ते घेणाऱ्यांत चिंता व विषण्णता ह्यांबरोबर निद्रानाशही आढळला आणि मानसिक दुष्परिणामांमुळे २००८ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली.

७. गुंगी व तिची फेड

आता वनस्पतीच्या द्रव्याकडे वळू. टीएचसी त्याच सीबी-१ ग्राहींवर बसते. परंतु अंतर्जात द्रव्यांचे वर सांगितलेले तिन्ही गुण त्याच्यापाशी नाहीत. ते गरजेप्रमाणे निर्माण होत नाही, घेतल्याबरोबर येते. ते अल्पावधीत नष्ट होत नाही. मेदात विरघळणारे असल्यामुळे शरीरात दीर्घकाळ राहते. ते एका संधीपुरते मर्यादित राहत नाही, सर्वत्र पसरते. संभाषणाची उपमा पुढे चालवावयाची तर, सभेत प्रत्येक वक्त्यास एकाच वेळी व सतत 'हळू, हळू' असे सांगण्यासारखे हे आहे. सभा शांत होते हे खरे, पण तिचे कामकाजही थांबते. 'गुंगी' ह्या शब्दाचे नाते फारसीतील मुका ह्या अर्थाच्या 'गुंग' शब्दाशी जोडले जाते, हे ह्या ठिकाणी आठवावे.

मनुष्यावरील अभ्यासांतून मिळणारे चित्र साधारणपणे असे आहे. काहींना प्रारंभी गांजामुळे झोप लवकर लागते. नेत्रचलन-निद्रेचे प्रमाण घटते. नियमित सेवनाने हा परिणाम हळूहळू बोथट होतो व तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. सेवन एकाएकी थांबविले तर निद्रानाश व विलक्षण स्पष्ट, बहुधा अप्रिय स्वप्ने सुरू होतात, कारण दाबून ठेवलेली नेत्रचलन-निद्रा उसळून वर येते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात झोपेचा बिघाड हे गांजा सोडल्यानंतरच्या लक्षणांपैकी एक म्हणून नोंदविले आहे. येथेच एक दुष्टचक्र निर्माण होते. सेवन थांबविल्याने झोप जाते. त्या मनुष्यास वाटते की मूळचाच निद्रानाश परतला. आणि तो पुन्हा सेवनाकडे वळतो. वास्तविक तो निद्रानाश सेवनाचीच फेड असतो.

वनस्पतीतील कॅनॅबिडिओल हे दुसरे द्रव्य सीबी-१ वर टीएचसीप्रमाणे कार्य करीत नाही व त्यापासून तशी नशा येत नाही. म्हणून झोपेसाठी त्याची शिफारस अनेकदा केली जाते. परंतु निद्रानाशावरील त्याच्या उपयोगाचा पुरावा अद्याप अपुरा आहे. घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडण्याचा जो विकार असतो, त्यावर गांजाजन्य औषधे वापरू नयेत, असे अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

बाहेरून द्रव्य घालण्याऐवजी मेंदूचे स्वतःचे आनंदामाइड अधिक काळ टिकू द्यावे, असाही एक मार्ग शोधला जात आहे. त्यासाठी आनंदामाइड नष्ट करणाऱ्या एंझाइमास अडवितात. २०१९ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी गांजा सोडणाऱ्या पुरुषांवर असा एक लहान प्रयोग केला. त्यात सोडल्यानंतरची लक्षणे कमी झाली व गाढ निद्रेची घटही कमी दिसली. परंतु ह्याच जातीच्या एका निराळ्या द्रव्याच्या चाचणीत २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला व इतर काही गंभीर आजारी पडले. तो दोष त्या विशिष्ट द्रव्याचा असावा असे मानले जाते. तथापि मार्ग अजून प्रयोगावस्थेत आहे, एवढे त्यावरून समजावे.

८. जागरणाचा परिणाम

व्यवस्थेचा झोपेवर परिणाम होतो, तसाच झोपेचा व्यवस्थेवरही होतो. शिकागो विद्यापीठातील एरिन हॅनलन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १४ निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यांस एकदा चार रात्री प्रत्येकी साडेआठ तास व दुसऱ्या वेळी चार रात्री प्रत्येकी साडेचार तास अंथरुणात राहू दिले. रक्तातील २-एजीचे प्रमाण मध्यरात्रीच्या झोपेत सर्वांत कमी असते व दुपारच्या सुमारास वाढते, असे प्रथम दिसून आले. झोप तोडलेल्या दिवसांत ही दुपारची वाढ अधिक उंच झाली व संध्याकाळपर्यंत टिकली. त्याच काळात त्या तरुणांची भूक वाढली आणि पोट भरलेले असतानाही चवदार, तेलकट-गोड खाण्याचा मोह त्यांना आवरता आला नाही.

परीक्षेच्या काळात रात्र जागवून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चिवडा-शेव संपविणाऱ्या विद्यार्थ्यास आपला संयम सुटला असे वाटते. त्यात मनोबलाचा दोष मानण्याचे फारसे कारण नाही. रात्रभर ओलीत करून परतलेल्या शेतकऱ्याची दुपारची भूक केवळ श्रमाचीच असते असेही नाही. गमावलेली झोप दुसऱ्या दिवशीच्या रसायनावर आपली खूण सोडून जाते. त्यावर उपाय झोपेनेच होतो. चहा दाब लपवितो, गुंगी रचना बिघडविते.

९. समारोप

वऱ्हाडाशी निगडित असा एक भाषिक पुरावा येथे नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे केंद्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या दिनचर्येतील शयन व उत्थान ह्यांसाठी 'पहुड' व 'उपहुड' ही जोडी येते. झोपेचे वर्णन उठण्यासह करण्याची ही पद्धत लक्षणीय आहे. निद्रेची परीक्षा ती लागण्याच्या क्षणी होत नाही, उठण्याच्या वेळी होते, हे शास्त्रही सांगते.

ह्याचा व्यावहारिक उपयोग रुग्णालयातील एका साध्या प्रश्नात आहे. निद्रानाशाची चौकशी करताना 'झोप लागते का?' एवढाच प्रश्न विचारला, तर भांग किंवा गांजा घेणारा मनुष्य 'लागते' असे उत्तर देईल, आणि ते खरेही असेल. 'झोप येते का?', 'लागली तर मोडते का?', 'सकाळी झोप झाल्यासारखी वाटते का?' हे प्रश्न त्याला वेगवेगळे विचारले पाहिजेत. ते विचारण्यासाठी कोणतीही परभाषिक संज्ञा लागत नाही. अकोल्यातील वा अमरावतीतील कोणाही माणसास ते तत्काळ कळतात. मेंदूची कॅनॅबिनॉइड व्यवस्था ह्यांपैकी मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाशी संबद्ध आहे. वनस्पती पहिल्या काही रात्री झोप लागण्यास साहाय्य करते, पण झोप पुरी होण्याच्या मार्गात अडथळा आणते, आणि सोडल्यावर लागण्याचेही साहाय्य काढून घेते. जागल, ओलीत किंवा अभ्यास ह्यांपायी ज्यांची रात्र तुटते त्यांना हा भेद कळणे हे त्यांच्या दुसऱ्या दिवसाच्या कामाच्या व प्रकृतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.